तारखेच्या चिठ्ठीवरचे पाच शनिवार

आमच्या वाचनालयाच्या बालविभागात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक प्रमाणपत्र टांगलेलं दिसतं. सोनेरी काठाची चौकट, आत माझं नाव. लहान मुलं आणि ऑटिस्टिक वाचक यांना सेवा कशी द्यावी याचं ऑनलाइन प्रशिक्षण मी यशस्वीरीत्या पूर्ण केलंय, असं त्यात इंग्रजीत लिहिलंय. येणारेजाणारे ते वाचतात आणि माझ्याकडे कौतुकानं बघतात. मला मात्र ते दिसलं की तळपायाची आग मस्तकात जाते. ते मिळवायला मी काय केलं आणि ते मिळेपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून काय केलं, हे त्या चौकटीत कुठंच लिहिलेलं नाही.

घाटकोपरच्या या वाचनालयात मी तीस वर्षं नोकरी करतेय. बालविभाग म्हणजे एक लांबट खोली, चार लोखंडी कपाटं, बुटकी टेबलं आणि कितीही तेल घातलं तरी कुरकुरणारा पंखा. मुलं इथं दोन क्लासांच्या मधल्या अर्ध्या तासात येतात. कुणाला आजोबा सोडून जातात, कुणी दप्तरासकट येऊन वडापाव खात चित्रं बघतं. मी ओरडते, मग तेलकट बोटांना पुसायला कापड देते. असा आमचा कारभार.

इथं दर शनिवारी चार वाजता एक मुलगी आईबरोबर यायची. पहिल्यांदा आली तेव्हा आठ वर्षांची होती, या हकिगतीच्या वेळी अकरा. आई पवईला एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कामाला. शनिवारी तिला अर्धी सुट्टी, म्हणून शनिवार. मुलगी ऑटिस्टिक आहे हे आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, जसं कुणी सांगेल की हिला चष्मा आहे. "मॅडम, ती जास्त बोलत नाही. पण तिला सगळं कळतं. हात लावलेला आवडत नाही, एवढं बघा फक्त." मी तेवढं बघितलं. दुसरं काही बघावं लागलं नाही.

तिचं एक पुस्तक ठरलेलं होतं. बसच्या डेपोवरचं, पातळ, जाड कागदाचं, मोठ्या चित्रांचं. शनिवारी ती ते परत आणायची, तासभर खिडकीजवळ बसून इतर पुस्तकं चाळायची, आणि जाताना पुन्हा तेच घेऊन जायची. एकच पुस्तक दोनदा लागोपाठ घेतलं की तिसऱ्यांदा द्यायचं नाही असा आमचा नियम आहे. तो नियम मी तिच्यापुरता गुंडाळून ठेवला होता. तीस वर्षांत डेपोचं ते पुस्तक दुसऱ्या कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. मग अडवायचं कुणासाठी?

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी असते. चौकोन आखलेला कागद. पुस्तक दिलं की मी त्यातल्या एका चौकोनात शिक्का मारते. आमच्याकडे अजून रबरी चाकांचा जुना शिक्काच आहे, रोज सकाळी बोटानं तारीख फिरवावी लागते. शिक्का मारताना ती मुलगी टेबलाला पोट टेकवून उभी राहायची. मारून झाला की पुस्तक ओढून घ्यायची आणि वरच्या चौकोनापासून बोट खाली आणायची, एकेका तारखेवर थांबत, अगदी आजच्या ओल्या शाईपर्यंत. मग बोटाला लागलेली शाई फ्रॉकला पुसायची आणि निघायची. मला वाटायचं, हा तिचा चाळा आहे. इतकी वर्षं पुस्तकांत काढून मला एवढंच वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

त्या शनिवारी पलीकडच्या सभागृहात पाठांतराची स्पर्धा होती. माइक चालू, पालकांची गर्दी. ती खिडकीजवळ बसली होती आणि मला हाताशी वेळ होता, म्हणून मी डेपोचं पुस्तक डागडुजीला घेतलं. कव्हरचे कोपरे गेले होते, त्यावर प्लास्टिक चढवलं. चिठ्ठी मळली होती, एका बाजूनं सुटली होती. तिच्यावर अजून दहाएक चौकोन रिकामे होते, पण आमच्या हाताला सवयच असते, मळकी चिठ्ठी दिसली की उचकटायची आणि नवी डकवायची. मी तसंच केलं. जुनी चिठ्ठी रबर लावलेल्या गठ्ठ्यात टाकली. वार्षिक अहवालात वर्षभराची देवघेव मोजायला आम्ही त्या जपून ठेवतो. नव्याकोऱ्या चिठ्ठीवर पहिल्या चौकोनात मी आजचा शिक्का मारला आणि मोठ्या प्रेमानं पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं.

तिनं शेवटचं पान उघडलं. बोट ठेवलं. पुन्हा पान मिटून पुन्हा उघडलं. आणि मग ती जी ओरडली, तसं मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. कान दाबून, डोळे घट्ट मिटून ओरडत होती. तिनं खालच्या फळीवरची पुस्तकं ओढून काढली, एकेक उघडून शेवटचं पान बघून टाकून दिलं. आई तिच्याभोवती फिरत होती, हात न लावता, हळू आवाजात काहीतरी म्हणत. सभागृहातले पालक दारात जमले. एकानं मोबाइल वर धरला. मी त्याला म्हटलं, "अहो, खाली करा तो," तर म्हणतो कसा, "मॅडम, पब्लिक प्लेस आहे." त्याच्या स्वतःच्या मुलानं त्या दिवशी प्रार्थनेसारखं काहीतरी म्हणून दाखवलं होतं आणि त्याला कप मिळाला होता.

ती पुस्तक न घेता गेली. व्हिडिओ त्याच संध्याकाळी सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. खाली काय काय लिहिलं होतं ते मी इथं उतरवणार नाही. माझ्या वाचनालयात तसली भाषा मी येऊ देत नाही, तर माझ्या कागदावर कशाला?

सोमवारी कार्यवाहांनी मला बोलावलं. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, स्वभावानं वाईट नाहीत. पण काहीही झालं की आधी आपल्या अंगावर काय येईल हे बघायचं, ही त्यांची खोड.

"बाई, समजून घ्या ना. उद्या कुणाच्या मुलाला लागलं तर आपली वाट लागेल. तुमचं काही ट्रेनिंग झालंय का या विषयाचं? नाही ना? मग ट्रेनिंग होईपर्यंत त्या मुलीला आणू नका म्हणून सांगा. ट्रेनिंग झालं की येऊ दे."

"तीन वर्षं ट्रेनिंगशिवायच येत होती, साहेब."

"म्हणूनच झालं ना हे!"

चूक नेमकी कुठं झाली हे मलाही माहीत नव्हतं. मला वाटत होतं माइकचा आवाज, नाहीतर ते प्लास्टिकचं कव्हर. मी कव्हर काढून टाकलं आणि पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. आईला फोन मीच केला. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "किती दिवस मॅडम?" मी म्हटलं, "लवकर करते."

आणि मी त्या प्रशिक्षणाला बसले. दुपारच्या वेळी, काउंटरवरच्या संगणकावर. सगळं इंग्रजीत. गोड आवाजाची एक बाई प्रत्येक वाक्यानंतर हसायची. तिच्या मागं जे ग्रंथालय दिसायचं त्यात गालिचा होता, उशा होत्या, मंद दिवे होते, कोपऱ्यात कापडी तंबू होता. तंबूत मुलानं शांत व्हायचं. लहान मुलांच्या भागात आया गोल करून गालिच्यावर बसल्या होत्या आणि टाळ्या वाजवत गाणं म्हणत होत्या. आमच्याकडे टाळी वाजवायला आईला सुट्टी कधी असते? व्हिडिओ पुढे ढकलायची सोय नव्हती. मध्येच उठून कुणाला पुस्तक दिलं की तो थांबायचा आणि परत आल्यावर विचारायचा, आपण अजून आहात का? वाचकाला पुस्तक देण्यात वेळ घालवला म्हणून वाचकसेवेचं प्रशिक्षण माझ्यावर रुसत होतं.

देवघेवीला माझ्याबरोबर मालवणकडची एक बाई आहे, माझ्याच वयाची. ती मागं उभी राहून बघायची. "ह्यां काय शिकवतत गो तुका?" तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, तंबू कसा लावायचा ते. ती म्हणाली, "आणि तां चेडू खंय आसा?" मुलगी कुठं आहे? तिच्या एवढ्या एका प्रश्नाला त्या अख्ख्या प्रशिक्षणात जागा नव्हती.

मधले शनिवार जात होते. आईनं फोनवर सांगितलं, "चार वाजले की चप्पल घालून दारात उभी राहते. नाही नेलं तर रात्रीचं जेवत नाही. म्हणून मी तुमच्या फाटकापर्यंत आणते तिला. सांगते, लायब्ररी बंद आहे. पण रस्त्यावरून लाइट दिसते ना, मॅडम." त्या पुढच्या शनिवारी चार वाजता मी खिडकीतून खाली बघितलं. फाटकापाशी दोघी उभ्या होत्या. मुलगी मान वर करून थेट आमच्या खिडकीकडे बघत होती. मी काय करावं? हात हलवावा? खाली जावं? मी कपाटाच्या आड झाले. तिथं उभी राहून उगाच पुस्तकांचे क्रमांक वाचत राहिले.

माझे वडील कोकणातून आलेले गिरणी कामगार. अक्षरओळख तुटपुंजी, पण पेपर वाचायला जवळच्या वाचनालयात जायचे. एकदा तिथल्या कुणीतरी त्यांना हटकलं, की हात धुऊन या, पेपर काळे होतात. ते घरी येऊन मला म्हणाले, "वाचनालय म्हणजे देऊळ नव्हे. तिथं सोवळं नसतं." मी या नोकरीला लागले तेव्हा हे वाक्य बरोबर घेऊन आले होते, असा माझा समज होता.

प्रत्येक धड्याच्या शेवटी परीक्षा असायची. एक प्रश्न असा होता: ऑटिस्टिक वाचक पुन्हा पुन्हा तेच पुस्तक मागत असेल तर काय कराल? मी 'तेच पुस्तक द्या' यावर टिचकी मारली. लाल रंगात उत्तर आलं, चूक, पुन्हा प्रयत्न करा. बरोबर उत्तर होतं, 'वाचकाला हळूहळू विविध साहित्याची ओळख करून द्या.' अहो, का? मी रोज सकाळी तोच चहा पिते, माझ्यापुढे कुणी विविध पेयं ठेवतं का? आमच्या कार्यकारी मंडळातले एक सभासद तीच एक रहस्यकथामाला आयुष्यभर आलटूनपालटून वाचतात, त्यांना कुणी सुधारायला जातं का? मी चिडून आणखी दोनदा माझंच उत्तर दिलं. दोन्ही वेळा अख्खा व्हिडिओ पुन्हा बघावा लागला. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं त्यांचं उत्तर दिलं आणि पास झाले. मुलीला आत घ्यायचं तर कागद हवा होता, आणि कागद हवा तर तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला हवी होती. मी दिली.

शेवटी एक थेट सत्र झालं. त्यात स्वतः ऑटिस्टिक असलेले एक गृहस्थ होते, कुठल्याशा गावी ग्रंथालयात काम करणारे. ते बोलत नव्हते, टाइप करत होते आणि ते पडद्यावर दिसत होतं. कुणीतरी विचारलं, मूल अचानक ओरडायला लागलं तर काय करायचं? त्यांचं उत्तर हळूहळू उमटत गेलं: 'अचानक काही होत नसतं. तुम्ही काय बदललंत ते शोधा. सापडत नसेल तर घरच्यांना विचारा.' पुढेही ते काहीतरी लिहीत होते, पण गोड आवाजाची बाई हसून म्हणाली की वेळेअभावी आपल्याला इथंच थांबावं लागतंय. मग तिनं तंबू मिळण्याच्या ठिकाणांची यादी दाखवली. ती यादी भरपूर वेळ दाखवली.

प्रमाणपत्र आलं आणि कार्यवाहांना समारंभाची हुक्की आली. तिच्या बंदीच्या पाचव्या शनिवारी, नेमका चारचा मुहूर्त. बालविभागाच्या दाराला झेंडूचं तोरण, 'स्वमग्न बालकांचे स्नेही ग्रंथालय' अशी पाटी, पाहुणे, भाषणं. स्वमग्न म्हणे! शेवटच्या पानावर बोट ठेवून एकेक तारीख तपासणारं मूल मग्न कशात होतं, हे बघायची तसदी कुणी घेतली होती? मीही नव्हती घेतली. पाहुण्यांना त्रास नको म्हणून त्या दिवशी मुलांनाही आत येऊ नका असं सांगितलं होतं. मला पुष्पगुच्छ मिळाला. खाली फाटकापाशी दोघी येऊन गेल्या, हे मला नंतर कळलं.

समारंभ संपल्यावर मी कार्यवाहांना गाठलं. "झालं ना ट्रेनिंग? पुढच्या शनिवारी तिला बोलावते."

ते पेढ्याचा कागद उलगडत म्हणाले, "थांबा हो जरा. आधी एक नियमावली करू. तिच्यासारख्यांसाठी वेगळी वेळ वगैरे. पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ विषय."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं ऐकत आले होते. इथं तर आग लागलेल्या घराला बाहेरून कडी घालून बंबाची पूजा चालली होती. मी म्हटलं, "साहेब, ती येणार. माझं ट्रेनिंग झालंय. अडवायचं असेल तर चार वाजता फाटकात तुम्ही उभे राहा आणि तिला तुमच्या तोंडानं सांगा." माझा आवाज चढला होता. पाहुण्यांनी वळून बघितलं. बघू दे.

त्याच रात्री मी आईला फोन केला आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते पाच आठवड्यांनी विचारलं. "त्या दिवशी काय बदललं होतं, तुम्हाला काही कळलं का?"

ती लगेच म्हणाली, "मॅडम, ती चिठ्ठी. तुम्ही नवीन लावलीत ना. तिचे शनिवार गेले. घरी रोज सकाळी ती ते वाचायची, पहिल्या शनिवारपासून."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"मला कुणी विचारलंच नाही. आणि वाटलं, तुमचा नियम असेल."

मी सोमवारी गठ्ठा सोडला. चिठ्ठी होती तशी होती, एवढंच की तेव्हा मी तिच्याकडे बेकार कागद म्हणून बघितलं होतं आणि आता प्रत्येक तारीख वाचली. मोठी चिठ्ठी, दोन्ही बाजूंना चार-चार उभ्या रांगा. एकही शनिवार सुटलेला नव्हता. एका ठिकाणी शाई फिस्कटली होती, तो तिच्या बोटाचा ठसा होता. नवी चिठ्ठी मी काढून टाकली. तिच्यावर मारलेला एकुलता एक शिक्का, त्या ओरडण्याच्या दिवसाचा, कापून जुन्या चिठ्ठीवर त्याच्या जागी डकवला. खाली पाच शनिवारांचे पाच चौकोन कोरे राहिले.

शनिवारी फाटकात कार्यवाह नव्हते. त्यांना अचानक काम निघालं होतं. चार वाजता दोघी वर आल्या. मुलगी दारात थांबली. तोरण सुकून तिथंच लोंबत होतं, तिनं ते बघितलं, मग पंख्याकडे बघितलं, मग सरळ माझ्या टेबलाशी आली. मी पुस्तक शेवटच्या पानावर उघडून पुढे सरकवलं.

ती वाकली. बोट वरच्या चौकोनावर ठेवलं आणि खाली येऊ लागली, एकेक तारीख. डकवलेल्या तुकड्यावर ती जरा जास्त थांबली, कडेवरून नख फिरवून बघितलं. मग कोरा चौकोन आला आणि बोट तिथंच राहिलं.

पुन्हा सगळं व्हायला नको म्हणून मी घाईघाईनं शिक्का उचलला आणि चाकं मागं फिरवली, गेलेल्या पहिल्या शनिवारची तारीख लावली. तीस वर्षांत मी मागची तारीख कधी मारलेली नाही. त्या दिवशी पाचही मारायला तयार होते, म्हणजे रांग पुरी झाली असती, तिला बरं वाटलं असतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं असतं.

तिनं चौकोनावर पंजा आडवा ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बंद."

मग बोट एक घर खाली. "बंद." आणखी एक. "बंद." पाचही चौकोनांवर थांबून पाच वेळा, ना रागानं ना तक्रारीनं. मागं तिची आई ओठ आवळून उभी होती. सहाव्या चौकोनावर बोट आलं तेव्हा मुलीनं हात उचलला आणि टेबलाला पोट टेकवून वाट बघू लागली. मी चाकं पुढे फिरवून आजची तारीख लावली आणि शिक्का मारला. तिनं ओल्या शाईवर बोट टेकवलं, फ्रॉकला पुसलं, पुस्तक घेतलं आणि निघाली.

आता ती दर शनिवारी येते. वेगळी वेळ नाही, नियमावली नाही. मीटिंगमध्ये तो विषय अजून निघायचाय. पुस्तक परत आलं की मी शेवटचं पान उघडते, आणि शिक्का मारायच्या आधी माझी नजर त्या पाच कोऱ्या चौकोनांवर जाते. तिनं लावलेला हिशेब तिच्या बाजूनं बरोबर आहे, तिला तसंच सांगितलं होतं. पण त्या पाचही शनिवारी वाचनालय उघडं होतं. सकाळी कुलूप मीच काढलं होतं.